आईने पाठवलेली माणसं

मी इंदूर सोडलं त्या दिवशी विमानतळाच्या दाराशी आई मला एकच गोष्ट पुन्हापुन्हा विचारत होती. तिच्या हातात माझं जुनं गेमचं मशीन होतं. कंपासपेटीएवढं, निळं, एका कोपऱ्यावर रंग उडालेलं. "हे नेटला जोडायचं कसं, ते अजून एकदा सांगून दे." आम्हाला सोडायला आलेले शेजारचे राठौरजी गाडी चालू ठेवून थांबले होते आणि मागचे हॉर्न वाजवत होते. मी तिला बटण दाखवलं. तिने मान हलवली, मशीन पर्समध्ये ठेवून चेन लावली आणि म्हणाली, "जा आता. पोचलीस की सांग." मी आत गेले. काचेतून मागे वळून बघितलं तर ती पर्स छातीशी धरून उभी होती. माझ्याकडे नाही, पर्सकडे बघत होती.

तुमच्यापैकी जे असे निघून गेलात, आणि जे दाराशी उभे राहिलात, त्या दोघांनाही हे वेगळं सांगायला नको की त्या पाच मिनिटांत खरं बोलायचं ते कुणीच बोलत नाही. चार्जरबद्दल बोलतात. वजनाबद्दल बोलतात.

बाबा जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. आम्ही आधी राजवाड्याच्या मागच्या गल्लीत भाड्याने राहायचो. बाबा रिटायर झाल्यावर इंदूरच्या बाहेर राऊला फ्लॅट घेतला, आणि तो नीट लागायच्या आधीच ते गेले. मग मला नेदरलँड्समध्ये, आइंडहोवनला नोकरी लागली. आई म्हणाली, "जा ना. माझं टेन्शन नको घेऊ." तिने आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला होता. आइंडहोवन कुठे आहे हे तिला माझ्याआधी माहीत होतं.

गेमची कल्पना माझी. माझ्याकडे अशी दोन मशिनं होती, एक कॉलेजातलं आणि एक पहिल्या पगारातलं. गेम जुना आणि साधा. गवतात, नदीत, गुहेत फिरणारे तऱ्हेतऱ्हेचे प्राणी पकडायचे, वाढवायचे, त्यांना नावं द्यायची आणि दुसऱ्या खेळणाऱ्याशी अदलाबदल करायची. त्यातले काही प्राणी एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती गेल्याशिवाय मोठेच होत नाहीत. मला वाटलं, फोनवर रोज "जेवलीस का" यापलीकडे आमच्याकडे काहीतरी असेल. आईने मशीन हातात घेतलं आणि पहिलं वाक्य बोलली, "आधी नकाशा दाखव."

ती माझ्यापेक्षा चांगली खेळायला लागली. रविवारी तिचं जेवण आटपायचं तेव्हा माझी सकाळ असायची. फोन स्पीकरवर ठेवून आम्ही दोघी गेममधल्या अदलाबदलीच्या खोलीत जायचो.

"मी आत आले गं. तू कुठे आहेस?"

"तुझ्या समोरच उभी आहे. पिवळा कोट."

"दिसलीस. बारीक झालीस."

पहिल्याच रविवारी तिने मला एक कासव पाठवलं. पाठीवर शेवाळ वाढलेलं, डोळे अर्धे मिटलेले. आलं तेव्हा त्याच्या खाली इंग्रजी अक्षरांत नाव होतं, माई. माई म्हणजे माझी आजी, बाबांची आई. मी शाळेत असताना ती वारली.

"आई, हे माई?"

"सावकाश चालतं ना, म्हणून."

मी खूप हसले. बदल्यात मी हाताला लागला तो एक पक्षी दिला, कारण दिल्याशिवाय घेता येत नाही असा त्या खोलीचा नियम. पुढच्या वेळी गाल फुगवणारा बेडूक आला, नाव बापू, म्हणजे आईचे वडील. मग सतत चोच उघडी असलेला एक पक्षी आला, ती नंदाआत्या. एकेक असं चपखल की मी हसत सुटायचे. एकदा विचारलं, "सगळ्यांना माझ्याकडे का पाठवून देतेस?"

"इथे आता त्यांचं नाव घेणारं कोण राहिलं? तू तिथे बघत जा जरा."

आइंडहोवनचा पहिला हिवाळा मला झेपला नाही. चार वाजता दिवे लावायचे. ऑफिसमध्ये सगळे इंग्रजी बोलायचे, दुकानात डच, आणि घरी मी कुणाशीच नाही. हीटरला टेकून मशीन उघडायचे. गेममध्ये पकडलेले प्राणी एका खोक्यात ओळीने बसलेले दिसतात, आणि नुसते बसत नाहीत. वरखाली होत राहतात, म्हणजे श्वास घेतल्यासारखे. माई, बापू, नंदाआत्या, त्यांच्यामागून आलेले भैयाकाका. माझ्या घरातली सगळी वारलेली माणसं त्या परक्या गावात माझ्या मांडीवर बसून श्वास घ्यायची. मी मशीन मिटायचे आणि मग वाटायचं, मिटलं तर त्यांना आत अंधार होत असेल. पुन्हा उघडायचे. हे मी कुणाला सांगितलं नाही. काय सांगणार होते?

एकदा व्हिडिओ कॉलवर आईने तिच्या मशीनचा पडदा मला दाखवला. काहीतरी अडकलं होतं म्हणून. तिच्या खोक्यात वरच्या ओळीत एक कोल्ह्यासारखा प्राणी दिसला, शेपटी अंगाभोवती गुंडाळून बसलेला. खाली नाव, विलास.

विलासमामा आईचा धाकटा भाऊ. मी त्याला कधी बघितलं नव्हतं. लहानपणी एवढंच ऐकलं होतं की तो गेला. माझ्या जन्माआधीच गेला. कसा गेला असं विचारलं की मोठी माणसं उठून कामाला लागायची. मी धरून चालले होते की आजारपण असेल, किंवा अपघात. तरुण गेलेल्या माणसाबद्दल लोक असेच गप्प होतात.

"विलासमामाला कधी पाठवतेस?"

फोन एकदम हलला. पडद्यावर आता आईचा चेहरा होता. "तो नाही. तो असू दे इथे."

मग बातमी आली की त्या जुन्या मशिनांची ऑनलाइन सेवा बंद होणार. जगभरातल्या खेळणाऱ्यांनी ग्रुपवर एकमेकांचे निरोप घ्यायला सुरुवात केली. ज्यांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं ते "काळजी घे" लिहीत होते. कुणीतरी बजावलं होतं, ऑनलाइन देवघेवीच्या गोदामात ठेवलेले प्राणी वेळेत काढून घ्या, नाहीतर ते परत मिळणार नाहीत. ते वाचून मी उगाच सगळे मोजून घेतले. कुणी राहिलं नव्हतं.

शेवटच्या रविवारी आई खोलीत आली, माझ्या समोर येऊन उभी राहिली. मग म्हणाली, "तुझ्या बाबांना घे."

तिने बाबांना तोपर्यंत पाठवलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. उंच, पाय लांब, मान थोडी वाकलेला एक करड्या रंगाचा पक्षी पडद्यावर आला आणि मध्येच थांबला. त्या दिवशी खूप लोक एकाच वेळी आत आले असतील. चक्र फिरत राहिलं. मध्येच तुटलं तर प्राणी दोन्हीकडून जातो, असं ग्रुपवर लिहिलेलं होतं. मी मशीन दोन्ही हातांनी धरून बसले. तिकडे पंख्याचा आवाज येत होता, आणि खाली कुणाची तरी स्कूटर.

"पोचले का?" आईने विचारलं.

"नाही अजून."

"आरामात येऊ दे. घाई नाही."

मग पडदा उजळला. "पोचले," मी म्हटलं. आई म्हणाली, "ठीक आहे," आणि फोन ठेवून दिला.

सेवा बंद झाली. त्यानंतरचे रविवार विचित्र गेले. आई खोलीत जायची आणि मला फोनवर सांगायची, "कुणी नाही." मी म्हणायचे, "आता कुणी नसणार, आई, बंद झालं ते." "हो, ते तर आहेच," ती म्हणायची, आणि पुढच्या रविवारी परत जायची. आता अदलाबदल करायची तर दोन्ही मशिनं एका खोलीत, शेजारीशेजारी हवीत. त्याला नेट लागत नाही, माणूस लागतो. इथल्या वाचनालयात काही लोक त्यासाठी जुनी मशिनं घेऊन जमतात. मी एकदा गेले. टक्कल पडलेल्या एका भल्या गृहस्थांनी मला एक मासा दाखवला. सेवा चालू असताना कुठल्यातरी अनोळखी माणसाने पाठवलेला. त्यावर अजून त्या मूळ मालकाचं नाव होतं. "हा कुठे असेल आता, काही कल्पना नाही," ते म्हणाले. मी परत तिथे गेले नाही.

सात-आठ महिन्यांनी आईचा फोन आला, आडवारी. "तू येतेस का?" मी घाबरले. तिने तोवर कधी ये म्हटलं नव्हतं. तब्येत विचारली, तर म्हणाली, "मी एकदम ठीक आहे. तुझं मशीन घेऊन ये. एक द्यायचं राहिलं आहे."

राऊच्या घरात मी शिरले तेव्हा वरण शिजत होतं, आणि आई नेहमीपेक्षा लहान दिसत होती. जेवण झालं. तिने ताटं उचलली, ओटा पुसला, हात कोरडे केले. मग दिवाणावर माझ्या शेजारी येऊन बसली आणि मशीन उघडलं. गुडघ्याला गुडघा लागत होता. इतके रविवार आम्ही दोघी त्या खोलीत भेटलो होतो, पण अशा शेजारी बसून पहिल्यांदाच.

तिने विलासला पुढे केलं.

"आई, याला तर तू देत नव्हतीस."

"आता घे."

"का? तो तर कधीचाच गेला ना? माझ्या जन्माआधी."

"गेला होता," आई म्हणाली. "वारला आत्ता. दिवाळीनंतर."

मला क्षणभर कळेना. मग तिने सांगितलं, बटणावरचा अंगठा न काढता. विलासमामा राजवाड्याजवळ एका कापडाच्या दुकानात कामाला होता. त्याला एका मुलीशी लग्न करायचं होतं, बापूंना ते चालणार नव्हतं. एका सकाळी जेवणावर भांडण झालं आणि तो उठून गेला. बापूंनी घरात सांगितलं, विलास गेला, आता त्याचं नाव नको. लोकांना ते जसं ऐकायचं तसं त्यांनी ऐकलं. माझा जन्म झाला तोवर 'गेला' या शब्दाचा एकच अर्थ उरला होता.

"पण मी त्याचं पितृपक्षात कधी पान नाही काढलं," आई म्हणाली. "तुझ्या बाबांना माहीत होतं. दुसऱ्या कुणाच्या लक्षात नाही आलं."

"आणि आत्ता कसं कळलं?"

"भुसावळहून फोन आला. त्याची बायको. बहुतेक तीच मुलगी, मी विचारलं नाही. त्याच्या मोबाइलमध्ये माझा नंबर होता, ताई म्हणून. कुठून मिळवला होता कोण जाणे. फोन केला कधीच नाही." तिने बटण दाबलं. "बाई बिचारी म्हणाली, विलासजी गेले. मी काय म्हटलं असेल, सांग."

मी माझं मशीन मांडीवर ठेवलं.

"मी विचारलं, कुठे गेला?"

मशीन तिच्या हातात होतं आणि पडद्यावर शेपटी गुंडाळलेला तो प्राणी माझ्या होकाराची वाट बघत होता. मी बटण दाबलं. एका खोलीतलं अंतर, दोन क्षणांत तो माझ्याकडे आला. बदल्यात मी काय दिलं ते तिने बघितलंही नाही. तिने पदराने पडदा पुसला.

तेव्हा मला तिचा खोका दिसला. मी बदल्यात दिलेले सगळे खालच्या ओळींत होते, वरची ओळ जवळजवळ रिकामी होती. एकच प्राणी उरला होता, एक छोटं हरिण, कान टवकारलेलं. खाली नाव, रेवती.

ते माझं नाव आहे.

"हे कधी केलंस?"

"तू गेलीस ना, त्याच रात्री."

 इतकी वर्षं मी तिच्या त्या खोक्यात, माई आणि बापू आणि बाबांच्या ओळीत बसले होते. एकेक करून ते माझ्याकडे निघून आले आणि मी तिथे राहिले. "मी काही वारलेली नाही, आई."

"मी कुठे म्हणते? वारलेल्यांना तर तुझ्याकडे पाठवून दिलं. जे येऊ शकतात ते दोघंच ठेवले होते."

मी हात पुढे केला. का, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. भीती वाटली म्हणूनच बहुतेक. "दे ना, मीच सांभाळते माझं."

तिने मशीन मिटलं. "नाही. तू असू दे इथे."

दोन आठवड्यांनी मी परत आले. आता माझ्या खोक्यात विलासमामा बाबांच्या शेजारी बसतो. आयुष्यात ते दोघं भेटले की नाही हे मी विचारलेलं नाही. हिवाळ्यात मशीन उघडलं की अजूनही तेच होतं, सगळे श्वास घेतात आणि मला मिटवत नाही. पण पूर्वी मला वाटायचं की माझं घर माझ्यामागून इथे चालून आलं आहे, एकेक माणूस करून. तसं नाही. इथे जे आले ते आता कुठेच परत जायचे नाहीत. जिथे अजून कुणीतरी परत यायचं आहे तेच घर, आणि ते राऊला आहे, दिवाणाच्या शेजारच्या फडताळात, बिजागरी सैल झालेल्या एका मशीनमध्ये. त्याची बॅटरी फुगायला लागली आहे. माझ्या ओळखीचे म्हणतात, आतलं सगळं काढून नव्या मशीनवर घे. आई ऐकत नाही. म्हणते, हलवाहलवीत काही राहून जातं.

परवाच्या रविवारी तिचा फोन आला. तब्येत, हवा, राठौरजींच्या मुलीचं लग्न, सगळं झालं. मग मशीन उघडल्याचा तो बारीकसा आवाज आला.

"आहेस," ती म्हणाली.

"आहे," मी म्हटलं.