रानसशाचं रक्त

सत्तरच्या दशकात मी सांगलीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते. लग्न झालेलं नव्हतं, राहायला एक भाड्याची खोली. प्रयोगशाळेमागच्या पिंजऱ्यांत पांढरे ससे होते. तास सोडले तर दिवसभरात माझं बोलणं व्हायचं ते त्यांच्याशीच.

माझ्या पीएच.डी.चा विषय सशांची प्रतिपिंडं. रोगजंतूला पकडणारे रक्तातले हे पदार्थ. ते कसे घडवायचे हे जनुकांत ठरलेलं असतं. पाळीव सशांच्या प्रतिपिंडांवर ठरावीक खुणा असतात, आईबापांकडून पिलांत उतरणाऱ्या. त्या ओळखणारं सीरम पुण्याच्या माझ्या मार्गदर्शकांनी दिलं होतं. माळावरच्या रानसशात त्याच खुणा सापडतात का, हे मला बघायचं होतं. मराठीत दोघंही ससेच, पण त्यांची घराणी लाखो वर्षांपूर्वी वेगळी झालेली. खूण दोघांत निघाली, तर ती त्या फाटाफुटीच्याही आधीची असावी.

रानससा धरून दिला कवठे महांकाळकडच्या एका निवृत्त हवालदारांनी. सकाळी माळावर त्यांनी जाळं लावलं. सशाच्या डोळ्यांवर टॉवेल टाकून त्यांनी त्याला धरलं आणि मी कानाच्या शिरेतून थोडं रक्त काढून घेतलं.

"सोडा आता," मी म्हटलं.

"सोडायचा? आवं बाई, घरी मंडळी मसाला वाटून बसलीया."

पण सोडला त्यांनी. तो दिसेनासा होईपर्यंत आम्ही दोघं बघत उभे होतो.

सांगलीला येऊन काचपट्टीवर अगारचा, म्हणजे जेलीसारखा, थर दिला, त्यात बारीक खड्डे पाडले. एकात खुणा ओळखणारं सीरम, समोरच्या दोघांत पांढऱ्या सशाच्या आणि रानसशाच्या रक्तातलं सीरम. खूण सापडली तर मधल्या जागेत पांढरी रेघ उमटते. दोन दिवसांनी पट्टी खिडकीतल्या उजेडात धरली. पांढऱ्या सशासमोर ठळक रेघ आली होती. रानसशासमोरही होती. पुसट, पण होती. दोन्ही रेघा मिळाल्या होत्या तिथे एक बारीकसं टोक पुढे आलेलं: खूण तीच, पण हुबेहूब नाही; तशी असती तर रेघा सलग जुळल्या असत्या.

मी स्टुलावर बसून राहिले. मग विभागप्रमुखांना जाऊन सांगितलं. "वा," ते म्हणाले, "आणि चाचणीचे पेपर काढले का?"

रविवारी साताऱ्याला भावाकडे गेले. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. "पण ह्याचा उपयोग काय?" त्याने विचारलं.

"अजून माहीत नाही."

वहिनींनी ताटं घेतली आणि विषय पुतणीच्या स्थळाकडे वळला. परतीच्या एसटीत खिडकीशी बसून मी तीच हकीकत मनात पुन्हा सांगत राहिले, ऐकणारं कुणी नसताना.

पुढच्या सुट्टीला मी कवठे महांकाळची गाडी धरली. हवालदार ओसरीवर जाळं सांधत होते. मी सगळं सांगितलं.

"म्हंजी भाऊबंदच की," ते म्हणाले.

"हो, फार लांबचे."

"आन् येवढ्या वरसांनीबी खूण ऱ्हायली?"

"राहिली. थोडी बदलली."

त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. "मग एकावर भागतंय व्हय, बाई? आनखी धरून बघाय पायजेत."

एकाने भागत नाही, हे मी त्यांना सांगितलेलं नव्हतं. त्यांच्या मंडळींनी पाण्याचा तांब्या आणून दिला.

त्या हिवाळ्यात आम्ही आणखी ससे धरले आणि सोडले. बहुतेकांत रेघ आली, एकात आलीच नाही. का, ते मला कळलं नाही. प्रबंधात तसंच लिहिलं. पदवी मिळाली. प्रबंधाची एक प्रत कॉलेजच्या ग्रंथालयात ठेवली. पुढे बरीच वर्षं, तिकडे गेले की मी ती काढून, वाचायला नेणाऱ्यांची नोंद होते ते मागचं कार्ड बघायची. ते कोरंच असायचं.