उघडं राहिलेलं फोल्डर

आमची आत्या बाहेर पडताना कुलूप ओढून बघते, जरा पुढे जाते आणि परत येऊन पुन्हा ओढते. आम्ही तिला खूप चिडवायचो.

घर सोडून आलेल्या बायकांना आसरा देणाऱ्या संस्थेत ती कॉम्प्युटर सांभाळते. तिथल्या सर्व्हरवर त्या बायकांच्या नव्या पत्त्यांचं एक फोल्डर होतं. ते फक्त संचालकबाई आणि आत्या उघडू शकत. सर्व्हरचा मुख्य पासवर्ड मात्र बाईंनी आत्यालाही दिला नव्हता. ती आपल्या साध्या लॉगिननेच रोज सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरवायची आणि फाइल्स उघडून बघायची. उघडल्या की निर्धास्त. इतरांना त्या उघडत नाहीत ना, हे बघायचं या कुलूपवेडीला कधी सुचलं नाही.

मागच्या महिन्यात सर्व्हरने मान टाकली. बाई परगावी होत्या. कॉम्प्युटरच्या दुकानदाराने नवा बसवून दिला, आत्याने डिस्कवरून सगळं परत चढवलं. काहीच हरवलं नव्हतं. तिचा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जेवताना फोनवर बसणारी मुलगी सहज म्हणाली, "ती निळ्या शालवाली आमच्याच गल्लीत राहते की. कॉम्प्युटरवर दिसलं."

आत्याचा घास हातातच राहिला. ती उठून धावली. फाइल्स सगळ्या होत्या, पण कुठली कुणाला उघडता यावी हे त्या डिस्कवर उतरलंच नव्हतं. आता त्या आत्याच्या नावावर होत्या आणि ऑफिसभर खुल्या. तिने त्या बंद केल्या. पण वाचून झालेलं कसं बंद करणार? शालवालीच्या नवऱ्याशी ऑफिसातल्या हिशेबनिसाची ओळख होती. हिशेबनिसाला विचारलं तर त्याने मान वर न करता 'नाही पाहिलं' म्हणून सांगितलं. खरं असेलही. नसेलही.

शेवटी तिने शालवालीला फोन लावला. "सामान बांधा. माझ्याकडे या. चूक माझी आहे."

पलीकडून ती म्हणाली, "मुलीला आत्ताच कुठे एक मैत्रीण मिळाली होती."

आता आत्या सगळ्या फाइल्सचं एकच गाठोडं बांधून ठेवते. कुठली कुणाची, कुणाला मुभा, हेही त्यातच नोंदलेलं असतं. ते सोडून परत चढवताना मुभा जशीच्या तशी बसायला मुख्य पासवर्ड लागतो; तो घालायला बाई स्वतः बसणार, असं ठरलंय. मायलेकी आत्याच्या मधल्या खोलीत राहतात. बाहेर पडताना आत्या कुलूप ओढून बघते, आणि तिच्यामागून ती लहान मुलगीही बघते. आम्ही आता चिडवत नाही.