भिंतीवरची भिकाबाई

सोनाजी पेंटर वसमतला दुकानांच्या पाट्या रंगवायचा. माणूस तुसडा, पण अक्षर मोत्यासारखं. बायको भिकाबाई मिशनच्या दवाखान्यात वारली, तेव्हा तिच्या खाटेसमोरचं जुनं कॅलेंडर तो मागून घेऊन आला. तिचा एकही फोटो नव्हता. निदान तिनं शेवटी पाहिलेलं चित्र तरी घरात राहावं, एवढंच त्याच्या मनात होतं.

चित्र इटलीतल्या कुठल्याशा चर्चच्या वेदीवरचं, चार-पाचशे वर्षांपूर्वीचं. मी शाळेत चित्रकला शिकवायचो, म्हणून अर्थ विचारायला तो माझ्याकडे आला. मधोमध मांडीवर बाळ घेतलेली मरियम, दोन्ही बाजूंना संत, पायाशी पांढरी लिली, ती निर्मळपणाची खूण, असं मी सांगत होतो. त्याचं बोट मात्र खालच्या कोपऱ्यात अडलं होतं. तिथं हात जोडून गुडघ्यांवर बसलेली एक बाई होती, बाकीच्यांच्या निम्म्यानं लहान. मी म्हणालो, ही चित्र करवून घेणाऱ्या घरातली. पूजेची नाही, म्हणून लहान. तिची नजर वर जाते, तिच्यामागून आपलीही जाते. मांडणीच तशी आहे.

हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं. वस्तीतल्या विहाराला जागा भिकाबाईनंच दिलेली. १९७४ साली तिथली भिंत रंगवायचं काम त्याच्याकडे आलं. मधे बुद्ध, दोन्ही बाजूंना भिक्खू, आणि खालच्या कोपऱ्यात हात जोडलेली वीतभर भिकाबाई त्यानं काढली. किंचित वाकडं नाकसुद्धा हुबेहूब. बघून मला भडभडून आलं.

वैशाख पौर्णिमेला बायांनी बुद्धापुढे फुलं, मेणबत्त्या ठेवल्या आणि मग एकेक जण कोपऱ्याकडे वळली. अहेवपणी गेलेली बाई म्हणून त्यांनी भिकाबाईला हळदकुंकू लावलं. शालूबाईनं तर सुनेची कूस उजवावी म्हणून नारळाचा नवस बोलला. बौद्ध होताना देव्हाऱ्यातले देव नदीत सोडणारी हीच वस्ती! जित्याची खोड, दुसरं काय.

मी सोनाजीला म्हणालो, कुंकू पुसा, बायांना आपण समजावू, पण चित्र राहू द्या. तो चुना कालवत होता.

"गुरुजी, तिची नजर वर हाय, पण बाया तिच्यापाशीच थांबून राहिल्या. देव सोडताना तीच समद्यांच्या पुढं होती. आता तिलाच देवी करू काय?"

त्यानं पायाकडून सुरुवात केली. चेहऱ्यापाशी येऊन हात थांबला. ब्रश खाली ठेवून त्यानं तिच्या कपाळावरचं कुंकू अंगठ्यानं पुसलं, मग चेहऱ्यावर चुना फिरवला. तो वाळेपर्यंत भिंतीपाशीच बसून राहिला आणि वाळल्यावर दुसरा हात दिला.