हत्यारं आणा, तोंड घरी ठेवा

आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी किल्लीवाल्याला माझ्या गळ्यात मारलं, त्याचं कारण एवढंच की माझं शिवणकामाचं दुकान त्याच्या टपरीला लागून आहे. "नवा विश्वासी आहे, उत्साही आहे, जरा वळण लावा," म्हणाले. दुसऱ्याच्या अंगावर टाकलेलं काम पाळकांना नेहमीच सोपं वाटतं.

उत्साही हा शब्द फारच मवाळ होता. बाप्तिस्म्याचं पाणी अंगावर वाळायच्या आत याने प्रभूने आपल्याला कसं बदललं याची साक्ष द्यायला सुरुवात केली होती, आणि तीही अशा ठिकाणी की ऐकणाऱ्याला पळायला वाव नाही. किल्ली हरवलेला माणूस स्वतःच्याच दाराबाहेर ताटकळत असतो. हातात भाजीची पिशवी, कडेवर रडणारं पोर, आत गॅसवर दूध. हा गुडघ्यांवर बसून कुलपात तार घालायचा आणि मध्येच हात थांबवून मान वर करायचा. "हे दार तर मी उघडीनच, पण तुमच्या मनाच्या दाराचं काय?"

"आधी हे उघडा."

"तेच तर सांगतोय."

साधं कुलूप तो एरवी चुटकीसरशी उघडायचा. पण साक्ष लांबलचक, म्हणून कुलूप तो साक्षीला पुरवून पुरवून उघडायला लागला. एका बाईंनी तर कंटाळून "हो हो, सगळं मान्य आहे मला" असं म्हणून टाकलं. त्या संध्याकाळी हा तरंगतच माझ्या दुकानात आला.

"ताई, आज एक आत्मा जिंकला."

"आणि त्यांचं दूध?"

तो जरा घुटमळला. दूध उतू गेलं होतं, पातेलंही करपलं होतं.

ढोंगी असता तर मी त्याला तिथल्या तिथे गार केला असता. पण बदल खरा होता, हेच माझं दुखणं. पूर्वी हा माणूस शिवी हासडल्याशिवाय कानस हातात धरत नसे. आता गिऱ्हाईक अंगावर आलं तरी हसायचा. त्याला जे मिळालं होतं ते सगळ्या गावाला वाटून टाकायचं होतं, आणि वाटताना तो ते लोकांच्या तोंडात कोंबत होता.

हे सगळं त्याला भोवलं ते स्वतःच्या आईच्या वाढदिवसाला. आई थोरल्या भावाकडे राहायची, मागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर. घर पाहुण्यांनी भरलेलं. केक कापायच्या आधी हा उठला, बाहेरचं दार आतून लावलं, किल्ली खिशात टाकली आणि म्हणाला, "माझं होईपर्यंत कुणी जाऊ नका." मग मेल्यावर कोण कुठे जाणार ते एकेकाकडे बघून सांगितलं. काकांच्या औषधाची वेळ टळली. काकूंना शेजारच्या मुलाला घ्यायला जायचं होतं, त्या दाराशी उभं राहून रडायला लागल्या. शेवटी थोरल्याने त्याच्या खिशात हात घालून किल्ली काढली, दार उघडलं आणि त्याला जिना दाखवला. "पुन्हा या घरात पाऊल टाकू नकोस."

तेव्हापासून आईची भेट नाही. फोन केला की थोरला उचलायचा आणि आवाज ऐकून ठेवून द्यायचा. त्या दाराचं कुलूप यानेच बसवलेलं, तारेच्या तुकड्याने उघडलं असतं. पण तो वर गेला नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. दुकान बंद केलं की गल्लीत उभा राहून खिडकीकडे बघायचा आणि घरी जायचा. मला त्याचा राग यायचा आणि पोटात तुटायचंही.

"ताई, आईला सांगायचं राहून गेलं," तो म्हणायचा.

"तुझं लोकांचं ऐकून घ्यायचं राहून गेलंय," मी एकदा म्हटलं. "प्रभूने आजवर कुणाला कोंडून सुवार्ता सांगितलेली माझ्या तरी ऐकिवात नाही. उद्यापासून कुणी विचारल्याशिवाय बोलायचं नाही. काम वेळेत करायचं. विचारलं तर दोन वाक्यांत सांगायचं."

हा नियमही त्याने तितक्याच उत्साहाने पाळला. तोंडात गुळणी धरून कुलूप उघडायचा आणि मग दारातच उभा राहून, आता तरी विचारतील, अशा आशेने गिऱ्हाइकाकडे टक लावून बघायचा. लोक घाबरून आतून कडी लावून घ्यायचे. मग त्याने टपरीवर पाटी लावली, 'मला काहीतरी विचारा'. एकाने पोस्टाचा रस्ता विचारला. याने पोस्ट सांगितलं ते एका वाक्यात, आणि दुसऱ्या वाक्यात त्याला स्वर्गापर्यंत पोचवलं. पाटी मी उतरवली. हल्ली मी तिच्यावर कापड बेतते.

मग एका दुपारी थोरला धापा टाकत माझ्या दुकानात शिरला. टपरी हाताच्या अंतरावर, पण तिकडे पाठ करून उभा राहिला.

"बाई, त्याला सांगा, आई बाथरूममध्ये अडकलीय. कुलूप फिरत नाही. दार फोडावं तर ती दाराला टेकूनच बसलीय, चक्कर येतेय म्हणते. हत्यारं घेऊन यायला सांगा. आणि तोंड घरी ठेवून यायला सांगा."

"ताई, दादाला सांगा, निघालो," टपरीतून आवाज आला. पिशवी खांद्याला लागलीही होती.

जामीन म्हणून मीही गेले, गळ्यातली टेप तशीच ठेवून. तो बाथरूमच्या दाराशी गुडघ्यांवर बसला. तार आत घातली आणि कान लावला. थोरला बादलीपाशी हाताची घडी घालून उभा.

"कोण आहे?" आतून आईचा आवाज आला.

"मी, आई."

मग, "धाकटा?"

"हो."

"मग बोलत का नाहीस? बरं आहे ना तुला?"

त्याने माझ्याकडे बघितलं. मी थोरल्याकडे बघितलं. थोरल्याने बादलीकडे बघितलं.

"काम करतोय, आई."

"वाढदिवसाला तुझं अर्धंच राहिलं होतं ना? सांग आता काय ते. मी कुठे जाणार आहे?"

तिने विचारलं होतं. माझ्या नियमात हे बसत होतं. आणि ऐकणारी तर कडीकुलपात बसलेली. त्याचा चेहरा उजळला, थोरल्याचा जबडा आवळला. याने तोंड उघडलं आणि मी डोळे मिटून घेतले.

"आई, आधी दार उघडतो," तो म्हणाला. "तुला उठून जाता आलं पाहिजे. तरीही ऐकावंसं वाटलं तर सांगेन. जरा पुढे सरक."

कुलूप खट्‌कन उघडलं. त्याने आईला धरून बाहेर आणलं, खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. ती अर्धा पेला प्यायली आणि म्हणाली, "हं, सांग."

तो तिच्या पायाशी बसला. मग हळूच म्हणाला, "मी त्या दिवशी तुम्हाला सगळ्यांना कोंडलं, ते चुकलं. प्रभूने माझी इतकी वर्षं वाट बघितली. मला तुमची एक संध्याकाळ वाट बघवली नाही. माफ कर."

वाक्यं दोनाच्या वर गेली होती. मी मोजायचं सोडून दिलं. आईने त्याच्या डोक्यावर हात ठेवला, तो बराच वेळ काढला नाही. थोरला स्वयंपाकघरात भांडी लावत होता. एवढी सावकाश भांडी लावणारा पुरुष मी आजवर पाहिलेला नाही.

आम्ही निघालो तसा थोरला दाराशी आला. "बाई, त्याला सांगा, या बाहेरच्या दाराचं कुलूपही हल्ली अडतं. रविवारी येऊन बघून जा म्हणावं."

ते कुलूप येताना माझ्यासमोर लोण्यासारखं फिरलं होतं.

"ताई, दादाला सांगा, रविवारी सकाळी उपासना असते," हा म्हणाला. मी त्याच्या पायावर पाय दिला, पण तोवर बोलून झालं होतं.

थोरला दाराच्या कडीशी चाळा करत राहिला. मग माझ्या खांद्यावरून थेट धाकट्याकडे बघत म्हणाला, "मग उपासना झाल्यावर ये. जेवायलाच ये."