लाभाच्या आधीची रिकामी पायली

माझा धाकटा भाऊ योहान मंगळवारी मुंबईहून नगरला आला, तो पिशवीभर कागद घेऊनच. कपडे दोनच. "आक्का, मला दोन दिवस हाक मारू नकोस," म्हणाला आणि ओसरीवर कागद पसरून बसला. दुष्काळाचं वर्ष, घरात रेशनची परदेशी मिलो ज्वारी, तिची भाकरी थापताना मोडते. तो ते तुकडेही न बघताच गिळत होता.

आमचे वडील नेवाशाच्या बाजारात मापाडी होते, पायलीने धान्य मोजायचे. योहान त्यांच्याजवळ बसूनच मोजायला शिकला. पुढे मिशनच्या शाळेतून मॅट्रिक झाला आणि मुंबईच्या एका संस्थेत कॉम्प्युटरच्या कार्डांना भोकं पाडायच्या कामाला लागला. साहेबांना त्याची चिकाटी आवडली, सहा वर्षांनी यंत्राला सूचना लिहायच्या कामावर घेतलं. तेच काम आता त्याच्या मानगुटीवर बसलंय.

पास्कल म्हणून एक नवी भाषा आहे म्हणे. तिच्यात लिहिलेलं यंत्राच्या भाषेत उतरवून देणारा कंपायलर परदेशातल्या एका विद्यापीठाने फुकट पाठवला. पण तो तिथल्या यंत्रासाठी लिहिलेला. इथल्या यंत्रावर चार महिने झाले, चालेना.

"धर्माची गाय, आणि दात का नाय!" आमचे हे म्हणाले.

"दात आहेत हो दाजी, आमच्या गोठ्यात ती उभीच राहत नाही."

मला त्याने सोपं करून सांगितलं. "त्यांच्या यंत्राच्या एका खान्यात साठ खुणा मावतात, आमच्या अठ्ठेचाळीस. मोठ्या पायलीचं धान्य लहान पायलीत ओतल्यासारखं. सांडतं." म्हणून त्याने जिथे तिथे एकाऐवजी दोन खाने केले होते. तरी उत्तर चुकतच होतं. शनिवारी दुपारी यंत्रावर शेवटचा एक तास. नाही जमलं तर साहेब काम बंद करणार आणि याची रवानगी परत भोकं पाडायच्या खोलीत. चौतीस वर्षांचा झालाय.

गुरुवारी दुपारी त्याचे डोळे चालेनात. "आक्का, या ओळीतल्या खुणा मोठ्याने मोज. मी दुसऱ्या कागदावर ताडून बघतो."

मी स्तोत्रांचं पुस्तक बाजूला ठेवलं आणि बोट ठेवून मोजू लागले. "लाभ, दोन, तीन, चार..." वडील तसंच मोजायचे. मापाडी पहिल्या मापाला कधी एक म्हणत नाही. योहानही ओठातल्या ओठात लाभच म्हणत होता. एकदम थांबला.

"आक्का, लाभाच्या आधी काय असतं?"

"काय असणार? रिकामी पायली."

"यंत्र तीही मोजतं गं. शून्यापासून सुरू करतं. म्हणजे पहिला खाना सत्तेचाळीसलाच भरतो." त्याने कपाळाला हात लावला. "अठ्ठेचाळीस नंबरची खूण दुसऱ्या खान्यातली. मी ती पहिल्यात कोंबत होतो. बाबांनी शिकवलेलं नडलं बघ."

हसला नाही. सात कार्डं बदलायची होती. शुक्रवारी पहाटेच्या एसटीने निघाला. मी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, तो डोळे उघडे ठेवूनच उभा होता. मिटले असते तर तिथेच झोपला असता.

दहा दिवसांनी पत्र आलं. कंपायलर चालला. त्याची जागा टिकली. मी तिथेच गुडघे टेकले. मग खालच्या ओळी वाचल्या: "पुढच्या वर्षी संस्थेत दुसऱ्या कंपनीचं यंत्र येतंय. त्याचा खाना बत्तीसाचा. टेप वाचायची तऱ्हाही निराळी. साहेब म्हणाले, काळजी नको, योहान आहेच."

संध्याकाळच्या प्रार्थनेत आभार मानले, त्याच्या डोळ्यांसाठी मागितलं. पुढच्या वर्षासाठी काय मागावं ते सुचेना. नाताळला येतो म्हणतोय. 'कागद आणू नकोस' असं उत्तरात लिहिलं आणि खोडून टाकलं. आणील बिचारा. मोजायला मी आहे.