वरणाची बादली

त्या दिवशी दत्ताच्या भंडाऱ्याला मी भक्तीने गेले नव्हते, हे आधीच सांगून टाकते. देवाशी माझं बिनसलं होतं. मी बोलत होते, भरपूर बोलत होते, पण तो उत्तर देत नव्हता. आणि घरात एक न बोलणारा पुरुष असताना दुसऱ्याची मनधरणी कोण करत बसणार! मला फक्त माणसांचा गलका ऐकायचा होता.

मावला गावातल्या घरात आम्ही दोघंच. आमचे हे शाळेत मास्तर होते. निवृत्तीनंतर आधी विसरू लागले, मग वाकू लागले. थोडं पोक आलं असं नव्हे. कंबरेतून असे दुमडले की पाठ जमिनीला समांतर. डॉक्टर म्हणाले, हाड मोडलेलं नाही, आजारामुळेच हे झालं आहे, आता फारसं सरळ होणार नाही. मी थोडीच ऐकते! पट्टा बांधला, उशा लावल्या, हनुवटीखाली हात घालून मान वर केली, तर ते दुखून ओरडले. मग माझ्या नाटकी डोक्यातून एक कल्पना निघाली. जमिनीवर आरसा ठेवला, म्हणजे त्यात तरी त्यांना माझं तोंड दिसेल. त्यांना त्यात एक म्हातारा दिसला. "या, बसा," ते त्याला म्हणाले, आणि मला हुकूम सोडला, "बाई, याइले चहा आणा." मी दोन कप आणले. त्या गृहस्थाचा चहा मीच प्यायले.

बाई म्हणजे मी. कामाला ठेवलेली कोणीतरी. वर्षभर त्यांनी माझा चेहरा पाहिला नव्हता आणि मी पाहिला होता तो फक्त त्यांचा टाळू. दिवसभर आम्हा दोघांचे संवाद मी एकटीच म्हणायची. "चहा ठेवू का?" माझ्या आवाजात, आणि "साखर कमी टाक" त्यांच्या घोगऱ्या आवाजात. प्रयोग झकास व्हायचा, प्रेक्षक तेवढे नसायचे. मुलगी हैदराबादहून फोन करायची तेव्हा मी तिला हसवायची. फोन ठेवला की घरात फ्रीजची घरघर तेवढी उरायची. देव्हाऱ्यातल्या दत्ताकडे माझं एकच मागणं होतं. एकदा, फक्त एकदा, यांनी माझ्या तोंडाकडे बघावं आणि मला ओळखावं.

दत्तजयंतीचा भंडारा यांच्या गावी, बेल्याकडे असतो. ऑटो ठरवला. वाटेत कापसाच्या गाड्यांमागे रखडत पोचलो, तेव्हा देवळाच्या पटांगणात पंगत बसलेली होती. यांना खांबाशी उभं करून मी माझ्या चपला काढायला वळले, आणि परत बघते तर हे गायब! दोन पंगतींच्या मधोमध, हात खाली लोंबकळत, आपले चालले होते.

आता पंगतीत वाढणारा माणूस वाकलेलाच असतो. मागून बघणाऱ्याला काय कळणार? डोक्याला दुपट्टा बांधलेला, घामाने निथळणारा एक जण दोन्ही हातांत बादल्या घेऊन आला, आणि त्याने यांना वाढपीच समजून एक बादली सरळ यांच्या हातात दिली. "घ्या काका, तुमी वरण सांभाळा. मी भात घेऊन येऊन राह्यलो."

"आवो, थांबा! सांडन ते!" मी ओरडत मध्ये घुसले. तशी पंगतीतल्या एका बाईने माझा पदर ओढला. "बसा नं बाई! मधात काऊन उभ्या राह्यल्या? लोकाइले जेवू द्या." मी धप्पकन तिच्या शेजारी बसले. कोणीतरी माझ्यापुढे पत्रावळ टाकली, वांग्याची भाजी पडली, भात पडला. मी यांच्याकडेच बघत होते. गरम वरण, आणि कप कुठे ठेवला ते न आठवणारा माणूस!

एक थेंब सांडला नाही. एकेका पत्रावळीपाशी ते थांबत, भाताला खळगा आहे का बघत, पळीभर वरण सोडत आणि पुढे सरकत. "घ्या, घ्या. लाजू नोका." त्यांची पाठ कशी आहे, याकडे कोणाचंही लक्ष नव्हतं. आणि मी जमिनीवर बसले होते म्हणून मला प्रथमच दिसलं, की खालून त्यांचा चेहरा पूर्ण दिसतो. डोळे, पांढऱ्या भुवया, ओठाजवळचा तीळ. मी त्या चेहऱ्यासाठी वर्षभर पट्टा, उशा, आरसा करत होते.

ते माझ्यापाशी आले. पळी बादलीत थांबली. माझ्याकडे त्यांनी नीट, बराच वेळ पाहिलं.

"तू नेमी मागूनच काऊन जेवतं वं?" ते म्हणाले. "घे. पोटभर जेव."

एक पळी वाढली. थोडं थांबून दुसरी वाढली. मग पुढे गेले, आणि पदर ओढणाऱ्या त्या बाईलाही तितक्याच मायेने वाढलं. मला जरा रागच आला, खोटं कशाला बोलू? पण समोरचा वरणभात मला दिसत नव्हता, इतकं डोळ्यांत पाणी होतं.

भंडारा आटोपल्यावर त्या दुपट्टेवाल्याला शोधलं. कोणी म्हणालं नार्नूरचा पाहुणा होता, कोणी म्हणालं असा वाढपी नव्हताच. मी चौकशी सोडून दिली. चूक ज्याने केली आणि ज्याने करवली, त्या दोघांना एकच नमस्कार केला. परतताना ऑटोत यांनी विचारलं, "तुमी कोण्या गावच्या?" मी म्हणाले, "मावल्याच्या." "दूर आहे," ते म्हणाले आणि झोपले.

मी देवाला सांगत होते, यांना वर बघायला लाव. त्याने मलाच खाली बसवलं. ते मला सुचलंच नव्हतं. पाठ सरळ करण्याची लढाई मी आता थांबवली आहे, ओळख मागणंही. रोज दुपारी सतरंजीवर ताट घेऊन बसते आणि वरणाचं छोटं पातेलं त्यांच्या हातात देते. कधी वरण ताटात पडतं, कधी सतरंजीवर. त्या वाकलेल्या पाठीखाली बसून मी तो चेहरा बघते. बऱ्याच दिवशी त्यांच्या लेखी मी कोणीच नसते, आणि संध्याकाळ अजूनही लांब वाटते. तरी जेवणाआधी माझे हात आपोआप जुळतात.

आज त्यांनी विचारलं, "अजून वाढू?"

पोट भरलं होतं. मी ताट पुढे केलं.