पदर चावणारी सून

"आजी, सोबत कोण येतंय?" भिवंडीतल्या कोरियन हॉटेलातल्या पोरीने विचारलं.

"कोणी न्हाय. मी एकटीच जेवणार."

मी नवी नवरी असताना अंबाडी नाक्यावर एकदा एसटी चुकली. पोटात कावळे ओरडत होते, समोरच्या हॉटेलात भजी तळत होते. पण एकट्या बाईने हॉटेलात बसायचं नसतं, म्हणून ही शहाणी सून पदर चावत उभी राहिली. पदर काय पोट भरतो, गाढवीण?

आता समोर भात, भाज्या, वर अंडं. जेवायच्या काड्या हातातून निसटल्या, शेजारची पोरं हसली आणि माझा पदर आपोआप तोंडाशी गेला.

"आजी, चमचा देऊ?"

"नको गं, बोटं घरूनच आणलीत."

भात मस्त कालवून खाल्ला आणि शेवटी पदराला हात पुसले.